मुंबईकर आला, पण उतरायचे कुठे?

मे महिना लागला की कोकणातल्या कुठल्याही वाडीत जा, ओटीखाली चपलांची रांग वाढलेली दिसते. मुंबईहून पोरेबाळे आलेली असतात. फणस उतरतो, आंब्याच्या पेट्या भरायला चार हात जास्त मिळतात आणि संध्याकाळी नळाचे पाणी पुरेनासे झाले की वाडीत थोडी कुरबूरही होते. होते आणि विरते. शिमग्याला तेच, गणपतीला तेच. मुंबईकराने पैसा पाठवायचा, गावाने घर, शेत आणि म्हातारी माणसे सांभाळायची, हा व्यवहार गिरण्यांच्या काळापासून चालत आला आहे आणि तो कुणी कागदावर लिहून ठेवलेला नाही. २०२० साली करोनाच्या साथीत हा न लिहिलेला व्यवहार असा काही ताणला गेला, की काही गावांत तो तुटायलाच आला.

शेतकरी बंधूंनो, तुम्ही म्हणाल, आता ही जुनी मढी उकरायची कशाला? साथ गेली, तोंडावरची फडकी गेली, गाड्या पुन्हा भरून येऊ लागल्या. बरोबर आहे. पण त्या उन्हाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात चौदा दिवस काढलेला चुलतभाऊ अजून तुमच्या ओटीवर चहाला टेकत नसेल, तर साथ पुरती गेली असे कसे म्हणायचे? दुसरे असे, की त्या दिवसांत ग्राम कृती दलांनी चुकतमाकत जे शिकून घेतले ते बहुतेक ठिकाणी दप्तरात उतरलेच नाही. सरपंच बदलले, ग्रामसेवकांच्या बदल्या झाल्या (आता तर त्यांचे नावही ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाले आहे) आणि शिकलेले त्यांच्याबरोबर निघून गेले.

दहा बाय बाराची खोली

राज्यातला करोनाचा पहिला रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडला. त्या दिवशी होळी होती. म्हणजे कोकणात शिमग्याचे दिवस, पालख्या घरोघर फिरत होत्या आणि चाकरमानी गावातच होता. पुढच्या पंधरा दिवसांत सगळे उलटेपालटे झाले. राज्याने १८९७ चा साथरोग कायदा लावला, २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २४ च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. एसटी थांबली, कोकण रेल्वे थांबली. जे शिमगा आटोपून रेंगाळले ते गावात अडकले, जे कामावर परतले ते मुंबईत. एकाच सातबाऱ्यावरचे दोन भाऊ, एक इकडे एक तिकडे.

‘घरात बसा’ असे सरकार सांगत होते. मग मुंबईकराने मुंबईत बसावे, गावाकडे कशाला धाव घ्यायची, असा प्रश्न गावागावांत विचारला गेला. पण मुंबईतले घर म्हणजे काय, हे आपल्यातल्या बहुतेकांनी एकदा तरी पाहिलेले आहे. चाळीत नाहीतर झोपडपट्टीत दहा बाय बाराची खोली, तीत पाच-सहा माणसे. त्यातली दोघे-तिघे पाळीवर जातात म्हणून एरवी सगळ्यांच्या झोपा होतात. सगळेच घरी बसले तर पाय पसरायला जागा उरत नाही. संडास सामायिक, सकाळी डबा घेऊन रांग. शेजारच्या खोलीत रुग्ण निघाला की अख्खा मजला बंद. वरळी कोळीवाडा आणि धारावीतल्या बातम्या रोज दूरदर्शनवर येत होत्या आणि तिथेच आपली माणसे राहत होती. एप्रिलमध्ये अनेकांचे पगार थांबले. अशा वेळी माणसाला गाव आठवले तर त्यात नवल ते काय?

आणि हे पहिल्यांदाच घडले असेही नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजार होती. त्यातली निम्म्याच्या आसपास माणसे १८९७ सालच्या आरंभापर्यंत शहर सोडून गेली, असे त्या काळच्या नोंदी सांगतात. घाटावर गेली, गुजरातेत गेली, बोटींनी कोकणात आली. २०२० मध्ये जो साथरोग कायदा लागला, तो ह्याच प्लेगासाठी १८९७ च्या फेब्रुवारीत केलेला. म्हणजे शहरात साथ आली की माणूस गावाकडे धावणार, हे सव्वाशे वर्षांपूर्वीच दिसून गेले होते. तरी २०२० मध्ये त्यासाठी कुणाकडेच काही तयार नव्हते, ना सरकारकडे, ना गावाकडे.

वाहने बंद होती म्हणून माणसे चालत निघाली. कुणी मुंबई-गोवा महामार्ग धरला, कुणी पोलीस अडवतील म्हणून रेल्वेच्या रुळांवरून. कशेडी घाटात रत्नागिरी जिल्ह्याची हद्द, खारेपाटणला सिंधुदुर्गाची. दोन्हीकडे तपासणी नाकी. मेच्या सुरुवातीला पास मिळू लागले आणि मग गाड्यांचा ओघ सुरू झाला.

ह्याच दिवसांत आणखी एक गोष्ट चालली होती, ती आंबा बागायतदारांना आठवत असेल. वाशीचा बाजार मध्ये मध्ये बंद पडत होता. तेव्हा अनेक बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण सोसायट्यांशी थेट बोलून हापूस पाठवला, टेम्पोला परवाना काढला, सोसायटीच्या दारात पेट्या उतरवल्या. तो धडा पुढे उपयोगी पडला, ते वेगळे. पण विचार करा, पेटीला मुंबईला जायला वाट होती आणि त्याच घरच्या मुलाला गावाला यायला नव्हती.

भीती खोटी नव्हती

आता गावाची बाजू. ती हलकी समजू नका. कोकणातल्या गावात मागे राहतो कोण? साठी-सत्तरीची माणसे, सुना, शाळकरी मुले. प्राथमिक आरोग्य केंद्र डोंगराळ भागात वीस हजार वस्तीमागे एक, असा सरकारी निकष. तिथे डॉक्टर असला तर औषध नसते आणि औषध असले तर रुग्णवाहिकेचा चालक नसतो, हे तुम्हाला सांगायला नको. सुरुवातीच्या महिन्यांत रत्नागिरीतले घशाचे नमुने तपासायला मिरजेला जात. अहवाल येईपर्यंत त्या माणसाला कुठे ठेवायचे, त्याच्या घरच्यांनी पाणी कुठून भरायचे, याचे उत्तर कुणाकडे नसे. जिल्ह्यात प्रयोगशाळा सुरू झाली ती जून २०२० मध्ये, म्हणजे मेमधला मोठा लोंढा येऊन गेल्यावर.

अशा वेळी गाव घाबरले. रस्त्यावर दगड रचले गेले, झाडे आडवी टाकली गेली, काही ठिकाणी तर रस्त्यालाच चर मारला. वेशीवर फलक लागले, ‘बाहेरील व्यक्तींना प्रवेश बंद’. ह्या एका ओळीने जेवढे मन दुखावले तेवढे चौदा दिवसांच्या विलगीकरणाने दुखावले नसेल. कारण ज्याच्या नावाने घरपट्टीची पावती फाटते, ज्याचे नाव आठ-अ वर आहे, ज्याच्या वर्गणीवर देवळाचा सभामंडप उभा राहिला, तो ‘बाहेरील’ कसा?

कायद्याने पाहिले तर ग्रामपंचायतीला कुणालाही गावात येण्यापासून रोखण्याचा अधिकार नव्हता आणि आजही नाही. साथरोग कायदा अधिकार देतो तो राज्य सरकारला आणि सरकार नेमील त्या अधिकाऱ्यांना. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात पंचायतीही ‘स्थानिक प्राधिकरण’ म्हणून येतात, पण तिथे त्यांच्याकडे कर्तव्ये सोपवलेली आहेत, साधने तयार ठेवणे, माणसे शिकवून ठेवणे, मदतकार्य करणे. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम कृती दले नेमली गेली तीही ह्याच अर्थाने. पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, आशा, अंगणवाडी सेविका यांनी मिळून आलेल्याची नोंद घ्यायची, त्याला वेगळे ठेवायचे, लक्षणे दिसली तर वर कळवायचे. आलेल्याला सामावून घेण्याचे काम होते ते. काही गावांनी त्याचा अर्थ नाक्यावरची शिपाईगिरी असा घेतला आणि तिथे भांडणे झाली.

पण दोष एकट्या गावाच्या माथी मारू नका. वरून कागद आला, कागदाबरोबर पैसा आला नाही.

किल्ली कुणाकडे, पाणी कुणाचे

शाळेची खोली उघडायची म्हटल्यावर पहिला प्रश्न किल्लीचा. गुरुजींपैकी कित्येकांची ड्युटी तपासणी नाक्यावर लागलेली, किल्ली त्यांच्याकडे. खोली उघडली तर आत बाके. बाके काढली तर झोपायला सतरंजी नाही. शाळेच्या मुतारीला दार असेल तर पाणी नाही. दोन खोल्यांच्या शाळेत तीन कुटुंबे आली, त्यांत एक गरोदर बाई, दोन लहान मुले, तर त्यांना कुठे निजवायचे? साप-विंचवाचे दिवस, मे सरून पाऊस तोंडावर आलेला. जेवण घरून आणायचे ठरले, पण ज्याचे घर बंद आहे, गावात चूल पेटवणारे कुणी नाही, त्याने काय करायचे?

पाण्याचा हिशेब तर साधा आहे, तो कुणीच आधी मांडला नाही. जलजीवन योजनेत माणशी रोज ५५ लिटर धरतात. समजा तुमच्या गावची वस्ती आठशे आहे आणि आठ दिवसांत चारशे माणसे आली. रोज २२ हजार लिटर पाणी जास्त लागले, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर भरूनही वर थोडे. आणि हे मे महिन्यात, जेव्हा विहिरीचा तळ दिसतो आणि नळाला एक दिवसाआड पाणी येते. तेव्हा विहिरीवर ‘मुंबयवाल्यांनी कळशी लावायची नाय’ असे शब्द निघाले, ते रोगाच्या नावाने निघाले खरे, पण त्यामागे रोगाइतकेच पाणी होते. खोलात गेलात तर त्या वर्षीची निम्मी भांडणे पाणी, संडास आणि सामायिक ओटीची निघतील. जिथे घराला दुसरा दरवाजा होता आणि परसात वेगळा संडास होता, तिथे माणूस घरीच वेगळा राहिला आणि बोभाटा झाला नाही. जिथे चार भावांचे एक घर, एक न्हाणी आणि एकच पायवाट, तिथे गावकीपर्यंत प्रकरण गेले.

ह्या सगळ्यात वणवण झाली ती आशाताईंची. वाडीवाडीवर जाऊन ताप मोजायचा, हातावर शिक्का पाहायचा, नाव लिहायचे. घरात घेत नाहीत म्हणून अंगणातून विचारायचे. केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा काढला, त्यात आशांचाही समावेश होता, ते बरे झाले. पण रोजच्या कामाचा मोबदला इतका तुटपुंजा, की जून २०२१ मध्ये त्यांना राज्यभर संप करावा लागला. साथीत गाव कुणी सांभाळले असे विचाराल तर पहिले नाव त्यांचे घ्यावे लागेल.

पैशाचे म्हणाल, तर १४ व्या वित्त आयोगाच्या निधीवर ग्रामपंचायतींच्या खात्यात जमलेले व्याज होते. ते आर्सेनिक अल्बमच्या होमिओपॅथी गोळ्यांसाठी वळवून घेण्याचा निर्णय झाला. त्या गोळ्यांनी करोना टळतो याला आधार नव्हता. त्या पैशात प्रत्येक शाळेला दोन पक्के संडास आणि एक पाण्याची टाकी झाली असती, ती आजही मुलांच्या कामी आली असती. असो.

भरीस भर म्हणजे त्याच वर्षी राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींची मुदत संपली. साथीमुळे निवडणुका पुढे गेल्या, प्रशासक बसले. सरपंच नाही, सदस्य नाहीत आणि एका विस्तार अधिकाऱ्याकडे अनेक गावे, अशी स्थिती कित्येक ठिकाणी झाली. मतदान झाले ते १५ जानेवारी २०२१ ला. ज्या महिन्यांत गावाच्या निर्णयाला सगळ्यात जास्त किंमत होती, त्याच महिन्यांत निर्णय घेणारी खुर्ची रिकामी.

निसर्ग वादळ आणि सामायिक सातबारा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली ह्या पट्ट्यात सुपारी-नारळाच्या बागा उभ्याच्या आडव्या झाल्या. कौले उडाली, पत्रे उडाले, वीज कित्येक गावांत दिवसेंदिवस नव्हती. आणि तेव्हा गावाला हात हवे होते. जो मुंबईकर आठ दिवसांपूर्वी शाळेत कोंडून पडला होता, तोच करवत घेऊन रस्त्यावरचे झाड कापायला पुढे आला, असे कितीतरी ठिकाणी घडले. पावसाळा तोंडावर, गवंडी-सुतार मिळेनात, मग घरचीच पोरे घरावर चढली.

नुकसानभरपाईची वेळ आली तेव्हा आणखी एक गंमत. बागायतीला हेक्टरी ५० हजार जाहीर झाले, पण आपल्याकडे बाग असते गुंठ्यांची, आणि सातबाऱ्यावर नावे असतात आठ, दहा, पंधरा. पैसे एकाच्या खात्यात घ्यायचे तर बाकीच्यांची संमती हवी. बाकीचे कुठे? परळला, नालासोपाऱ्याला, विरारला. ज्याला ‘येऊ नकोस’ म्हणून फोन केला होता त्यालाच आता ‘सही पाठव’ म्हणून फोन करायचा होता. काहींनी पाठवली. काहींनी जुने उणेदुणे काढले आणि पंचनामा तसाच पडून राहिला.

त्याच पावसाळ्यात भातशेतीत वेगळे चित्र दिसले, तेही नोंदले पाहिजे. मजूर मिळत नाही म्हणून वर्षानुवर्षे पडीक टाकलेली खाचरे बऱ्याच गावांत पुन्हा नांगरली गेली. मुंबईची नोकरी गेलेली किंवा थांबलेली मुले गुडघाभर चिखलात लावणीला उतरली. सगळी टिकली नाहीत, गाड्या सुरू झाल्यावर बहुतेक परत गेली. पण काही राहिली, आणि आज ती कुक्कुटपालन करतात, काजूवर प्रक्रिया करतात. गावात तोंडे वाढली, हे खरे. हातही वाढले होते.

गणपतीचे दहा दिवस

मेमधला ओघ ओसरतो न ओसरतो तोच गणपती आले. २२ ऑगस्टला चतुर्थी. कोकणी माणूस दिवाळीला नाही आला तरी चालेल, गणपतीला येणारच. गावांचा आग्रह होता, की यायचे तर चौदा दिवस आधी या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सरकारने ठरवले, की विलगीकरण दहा दिवसांचे, १२ ऑगस्टपर्यंत पोहोचावे, एसटीने आलात तर ई-पास नको. १२ नंतर येणाऱ्याने मात्र करोना चाचणीचा अहवाल आणावा. हिशेब बरोबर होता, १२ आणि १० म्हणजे २२. पण निर्णय इतका उशिरा झाला, की रजा काढायला, एका गाडीत २२ जण अशा एसटीची जागा मिळवायला हातात जेमतेम आठवडा. आणि रेल्वेच्या खास गाड्या सुटल्या त्या १५ ऑगस्टपासून, म्हणजे मुदत उलटून गेल्यावर! खेडेगावच्या सभेत असा ठराव झाला असता तर आपण हसलो असतो.

तरीही मेच्या मानाने गणपतीत आरडाओरड कमी झाली. का? कारण तोवर गावे शहाणी झाली होती आणि मुंबईकरही. अनेक गावांच्या मुंबई मंडळांनी वाडीवार याद्या केल्या, कोण येणार, किती जण, कुठल्या तारखेला, कुणाच्या घरात राहणार. गावाने सांगितले, अमक्या घरात वेगळी खोली आहे, तमक्या घरात नाही, त्यांनी शाळेत राहावे नाहीतर या खेपेस दोघांनीच यावे. काही घरांत खरोखरच दोघे आले, दोन फुटांच्या आतली मूर्ती बसवली, दीड दिवसांत विसर्जन केले आणि परत गेले. कुणाला ते गोड लागले नाही. पण आधी बोलणे झाले होते, म्हणून वेशीवर भांडण झाले नाही.

मुळे नसलेले पाहुणे

आतापर्यंत बोललो ते घरच्या माणसांविषयी. पण साथीत गावाकडे आलेली सगळीच घरची नव्हती. एप्रिल २०२० मध्ये, सगळीकडे संचारबंदी असताना, एका बड्या उद्योजक कुटुंबासह २३ जण गाड्यांतून खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोहोचले. त्यांच्याकडे गृह खात्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचे पत्र होते. प्रकरण उघडकीला आले, अधिकारी सक्तीच्या रजेवर गेले. पण रुळांवरून पायी निघालेल्या गड्याला आणि नाक्यावर रात्र काढलेल्या बाईला त्यातून जे कळायचे ते कळले.

त्याहून खोल जखम झाली ती २०२१ च्या मेमध्ये लशीच्या वेळी. १८ ते ४४ वयाच्या लोकांना १ मेपासून लस सुरू झाली, पण नाव ऑनलाइनच नोंदवायचे. नोंदणी उघडली की दोन-चार मिनिटांत संपे. ज्याचा फोन चांगला, नेट वेगवान, त्याचे नाव लागे. परिणाम असा, की पालघर-रायगडच्या आणि पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण केंद्रांवर सकाळी मुंबई-पुण्याच्या गाड्या उभ्या. केंद्र आपल्या गावचे, डॉक्टर आपला, दारात रांग लावून उभी असलेली माणसे आपली, आणि यादीत एकही नाव आपले नाही. लोक चिडले, ठिकठिकाणी शब्दाला शब्द लागला. शहरातल्या त्या पोरांचे तरी काय चुकले? त्यांना जिथे जागा दिसली तिथे ती गेली. चूक होती ती नेटवर्क नसलेल्या गावाला मोबाइलवरून रांगेत उभे करणाऱ्यांची. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मोकळीक मिळाली. पण महाराष्ट्रात त्याआधीच लशीच्या तुटवड्यामुळे ह्या वयाचे लसीकरण थांबवावे लागले होते.

हा फरक ध्यानात घ्या. घरच्या माणसाशी गावाला बोलता येते, त्याच्या मंडळाला फोन करता येतो. बंगल्यावर आलेल्या पाहुण्याशी गावाचे बोलणे होत नाही, तिथे शासनानेच नियम करून तो पाळून घ्यायला हवा. आपल्याकडे २०२० मध्ये बरेचदा उलटे झाले. घरच्यावर जोर चालला आणि बंगलेवाल्याला सलाम.

आता बसून ठरवायचे ते

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारदरबारी ठरले, की ‘चाकरमानी’ शब्द नको, कागदोपत्री ‘कोकणवासीय’ म्हणावे. शब्द बदलला, चांगले झाले. पण शाळेच्या मुतारीला पाणी आले का, ते आधी बघा.

सरपंच आणि सदस्य मंडळींनो, गावच्या आपत्ती आराखड्यात पूर, दरड, वादळ यांची पाने असतात. त्यात एक पान जोडा, बाहेरगावी असलेली गावची माणसे एकदम परत आली तर काय, याचे. त्यावर फार लिहायचे नाही. गावात वेगळ्या राहता येतील अशा खोल्या किती, शाळा, समाजमंदिर, देवळाची धर्मशाळा, प्रत्येकीची किल्ली कुणाकडे, संडास किती चालू, पाणी कुठून. बंद घरांपैकी कुठली राहण्याजोगी आहेत आणि त्यांचे मालक ती अडीअडचणीला उघडू देतील का, हे फोनवर विचारून ठेवता येते. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२२ पासून ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिला होता. त्यातून शाळेच्या संडासाला टाकी लावलेल्या ग्रामपंचायतींचे अर्धे काम झालेले आहे, इतरांनी नव्या आराखड्यात ते आधी धरावे.

मुंबई मंडळाच्या दोन माणसांचे आणि गावातल्या दोन माणसांचे नंबर त्या पानावर हवेत. २०२० मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर जेवढ्या अफवा फिरल्या तेवढ्या आयुष्यात कधी फिरल्या नसतील. अमक्याला झाला, तमका पळून आला. एकच माणूस अधिकृत बोलणार असे ठरले होते तिथे अफवा एका दिवसात मेली. रेशनचेही विचारून ठेवा. कार्ड मुंबईचे असले तरी राज्यात कुठल्याही दुकानात अंगठा लावून धान्य घेता येते, पण दुकानदाराकडे माल येतो तो नेहमीच्या कार्डांपुरताच. एकदम शंभर कार्डे वाढली तर तहसीलदारांना कळवायचे कुणी?

हे बोलणे ग्रामसभेत व्हावे. पण एक अडचण आहे. ग्रामसभेत मत त्याचे, ज्याचे नाव गावच्या मतदार यादीत, आणि मुंबईकरांची मते बहुधा मुंबईत. शिवाय १ मेच्या सभेला पुष्कळ मुंबईकर अजून पोहोचलेले नसतात, शाळांचे निकाल लागून ते निघतात. म्हणून मेच्या मध्यावर वाडीवाडीची एक बैठक वेगळी घ्या, संध्याकाळी देवळात. चहा ग्रामपंचायतीचा नको, मुंबईकरांनी करावा. बैठकीला घरपट्टीचे रजिस्टर न्या, म्हणजे कुणाचे घर, किती खोल्या, कुठले बंद, हे तिथल्या तिथे टिपून घेता येईल. जे ठरेल ते पुढच्या ग्रामसभेत, १५ ऑगस्टला, ठरावाने मंजूर करून एक प्रत पंचायत समितीकडे आणि एक मंडळाच्या मुंबईच्या पत्त्यावर पाठवा. शाळेच्या दुसऱ्या किल्लीचे मात्र ऑगस्टपर्यंत थांबू नका, ती त्याच आठवड्यात करून पोलीस पाटलांकडे द्या.